रक्तदात्यांमध्ये हिपॅटायटिस ई च्या अँटीबॉडी: टक्केवारी कशी वाचायची

"निरोगी रक्तदात्यांपैकी इतक्या टक्के लोकांत हिपॅटायटिस ई च्या अँटीबॉडी सापडल्या" असं वाचलं की लोक घाबरतात, एवढं सगळं रक्त दूषित आहे की काय असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

हिपॅटायटिस ई म्हणजे व्हायरसमुळे यकृताला येणारी सूज, आणि अँटीबॉडी म्हणजे त्या व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं. आधी बघा की मोजलंय काय. आयजीजी हा अँटीबॉडीचा एक प्रकार, ती सापडली म्हणजे व्हायरस कधीतरी, अगदी काही वर्षांपूर्वीसुद्धा, अंगात येऊन गेला आणि शरीराने तो परतवला, बऱ्याच जणांना तर कावीळही झालेली नसते त्यामुळे पत्ताच नसतो. आयजीएम हा दुसरा प्रकार, ती सापडली म्हणजे लागण अलीकडची. पण रक्तात आत्ता व्हायरस आहे का हे दोन्हींवरून नक्की कळत नाही, त्याला आरएनए टेस्टच (खुद्द व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी) लागते. नेदरलँड्समध्ये 2011-12 मध्ये तपासलं तेव्हा सुमारे 27 टक्के रक्तदात्यांत आयजीजी होती, पण आरएनए सापडला तो साधारण 2,700 रक्तदानांमागे एकात. हा फरक लक्षात आला की अर्धी भीती जाते.

मग अँटीबॉडी तपासायला किट कुठलं वापरलं ते शोधा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि बातम्यांमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. फ्रान्सच्या नैऋत्य भागात रक्तदात्यांची टक्केवारी एका जुन्या किटवर 17 च्या आसपास आली होती, नंतर वँताई या चिनी कंपनीच्या जास्त सेन्सिटिव्ह (थोड्या अँटीबॉडीही पकडणाऱ्या) किटवर तीच 52 च्या वर गेली. म्हणजे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून इथे जास्त तिथे कमी असं म्हणायच्या आधी किट एकच होतं का ते बघायचं, नसेल तर तुलना सोडून द्या. उलटी चूकही होते, समजा किट शंभरातल्या दोन निगेटिव्ह लोकांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं, तर जिथे खरी टक्केवारीच दोन-तीन आहे तिथे चाळीस ते पन्नास टक्के पॉझिटिव्ह खोटेच निघतील ना.

वयोगटही बघा. वय वाढतं तशी आयजीजी वाढत जाते, त्यामुळे तरुण दात्यांची टक्केवारी कमीच येणार. शिवाय रक्तदात्यांत लहान मुलं, गरोदर बायका नसतात, तेव्हा तो आकडा अख्ख्या समाजाला लावू नका.

लागण कशी होते तेही भागाप्रमाणे बदलतं. जिथे व्हायरसचे जीनोटाइप (जनुकीय प्रकार) 1 आणि 2 आहेत तिथे लागण मुख्यतः दूषित पाण्यातून होते, 3 आणि 4 डुकराच्या कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून येतात.

तुमची स्वतःची फक्त आयजीजी पॉझिटिव्ह आली असेल, आयजीएम निगेटिव्ह असेल आणि तब्येत बरी असेल तर त्यासाठी उपचार लागत नाहीत. पण रक्त दिल्यावर काही दिवसांत ताप आला, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर ब्लड बँकेला लगेच कळवा, कारण असं रक्त चढलं तर अवयव बदललेल्या पेशंटमध्ये हा आजार वर्षानुवर्षं मुरू शकतो, आणि तुमची पिशवी अजून कुणाला चढवली नसेल तर ती बाजूला काढता येते.