सिझरनंतर पोट ताळ्यावर आलं ते असं

सिझरच्या दुसऱ्या दिवशी टाक्यांपेक्षा गॅसनेच जास्त रडवलं. पोट ढोलासारखं, कळ थेट खांद्यात. नर्स म्हणाली, "ताई, उठा, चाला." रागच आला. पण पोटावर उशी दाबून वॉर्डात दोन फेऱ्या मारल्या आणि तासाभरात वारा सरला.

घरी आल्यावर खरी पंचाईत. चार दिवस पोट साफ नाही, जोर लावायचा तर टाक्यांची भीती. आई रोज दोन डिंकाचे लाडू पुढे करायची आणि पाणी मात्र मोजून. बाळंतिणीने जास्त पिऊ नये म्हणे! पाजताना माझा घसा कोरडा पडायचा. डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, लोहाच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होतं. गोळ्या सोडू नका, पाणी वाढवा. आठवडाभर शौच मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप दिलं.

मग लाडू अर्ध्यावर आणला. मुगाची मऊ खिचडी, दुधीची भाजी, रात्री भिजवलेले काळे मनुके. कमोडपुढे आंघोळीचं बुटकं स्टूल ठेवून त्यावर पाय टेकवले, हा सगळ्यात स्वस्त उपाय. जेवणानंतरचा ओवा-बाळंतशोपा आईचाच, तो आवडीने चालू ठेवला. तिसऱ्या आठवड्यात सकाळचा चहा अर्धा सोडून पळावं लागायला लागलं.