मेळघाटात आरोग्याच्या कामाला वर्षभरासाठी येताय ना?

परतवाड्याहून एसटी घाट चढू लागली की फोनची रेंज जाते. म्हणून घरी "पोचल्यावर फोन करते" एवढंच सांगा, किती वाजता ते सांगू नका. माझी आई पहिल्या रात्री झोपली नव्हती. मीही एका वर्षासाठीच पुण्याहून आले होते. चौदा वर्षं झाली, अजून धारणी तालुक्यातच आहे.

सामानाचा फार विचार करू नका. मच्छरदाणी (इथे मलेरिया आहे, हयगय नको), बॅटरी, पावसाळी चप्पल एवढं आणा. बाकीचं धारणीत मिळतं, नाहीतर बऱ्हाणपुरात.

खरी अडचण भाषेची. आपली मराठी इथे फार उपयोगी पडत नाही. गावात कोरकू बोलतात आणि बाहेरच्यांशी हिंदी. कोरकू ही मुंडा कुळातली, मराठीपेक्षा संथाळीला जवळची. डा म्हणजे पाणी. मिया, बारी, आपई म्हणजे एक, दोन, तीन. सिपना म्हणजे साग, इथल्या सिपना नदीचं नावसुद्धा त्यावरूनच पडलंय. चुकीचं बोलाल, बायका खदखदून हसतील. हसू द्या. मला गावातला पहिला चहा अशाच एका फजितीनंतर मिळाला.

आता कामाचं. मी आल्यावर उत्साहाने मार्चच्या शेवटी सकाळी आठला मातांची बैठक ठेवली. आल्या दोन म्हाताऱ्या, त्याही सतरंजी कोणाची आहे ते बघायला. "लोकांना आरोग्याचं गांभीर्य नाही" असं मी वहीत लिहिलं. ती वही अजून जपून ठेवलीय, स्वतःला लाज वाटावी म्हणून. तो मोहाचा हंगाम होता. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, उशीर केला तर गुरं खातात किंवा अस्वल. तान्ही मुलंही आयांसोबत झाडाखालीच असतात. तेव्हा वजनकाटा उचला आणि दुपारी घरी जा. मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायचा हंगाम असतो. दिवाळीनंतर अर्धं गाव मजुरीला बाहेर पडतं. यादीतलं बाळ "गैरहजर" लिहून मोकळं होऊ नका, कुठल्या गावाला गेलंय ते विचारून ठेवा. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचं वजन घ्या.

भूमका, म्हणजे गावातला पूजा आणि औषधपाणी करणारा जाणता, त्याच्याशी पहिल्याच महिन्यात भांडू नका. पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिलेले दिसतील, आणि तुमचं डोकं फिरेल. माझं फिरलं होतं. एका आजीवर मी ओरडले आणि त्या घराचं दार मला चार महिने बंद झालं. बाळाला त्याचा काहीच फायदा झाला नाही. आता मी भूमकाच्याच ओट्यावर बसते: तुमची पूजा करा, पण चटका नको, आणि बाळ आजच्या आज दवाखान्यात पाठवा. एक जण पाठवतो. दुसरा अजून ऐकत नाही.

होळीला सुट्टी घेऊन घरी जाऊ नका. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण तोच, बाहेर गेलेली माणसंही त्यासाठी परततात. फक्त खिशात दहादहाच्या नोटा ठेवा. फगवा मागायला बायका रस्त्यात गाडी अडवतात, आणि "सुटे नाहीत" ही सबब त्या ऐकून घेत नाहीत.