वरच्या वर्गातून पहिलीला येणाऱ्या शिक्षकांसाठी

पाचवी-सहावीला अनेक वर्षे शिकवलेल्या शिक्षकाकडे जूनमध्ये अचानक पहिलीचा वर्ग येतो, तेव्हा विषयज्ञानाची अडचण नसते. अडचण सवयीची असते. वरच्या वर्गात शिक्षकाचे निम्म्याहून अधिक काम बोलण्यातून होते, तर पहिलीत ते वर्गाच्या मांडणीतून आणि मुलांच्या निरीक्षणातून होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे या वयाचा एकच पायाभूत स्तर मानला असून शाळापूर्व तीन वर्षे आणि पहिली-दुसरी त्यात एकत्र येतात. त्यामुळे पहिलीच्या शिक्षकाचे काम तिसरीच्या शिक्षकापेक्षा अंगणवाडीताईंच्या कामाशी अधिक जुळते, हे मान्य करून शाळा सुरू होण्यापूर्वी शक्य असल्यास जवळच्या अंगणवाडीत एक-दोन सकाळी नुसते बसून यावे. आपल्या वर्गात येणारी बरीच मुले तेथलीच असतात, आणि कोणते मूल कशाने रडते, कोण कोणाला चावते, कोणाला डोळ्यांची तपासणी सुचवली होती, हे ताईंना प्रवेशअर्जापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असते.

पहिले काही आठवडे अक्षरांची घाई करू नये. ‘विद्याप्रवेश’ हा पहिलीच्या आरंभीचा खेळांवर आधारलेला बारा आठवड्यांचा कार्यक्रम नेमका याच काळासाठी आखलेला आहे. या काळात बसवायची गोष्ट म्हणजे दिनक्रम. चपला कोठे काढायच्या, ओला रेनकोट कोठे टांगायचा, पाण्याची बाटली कोणाची हे कसे ओळखायचे, या बाबी दाराशी उभे राहून रोज त्याच क्रमाने करून घ्याव्यात. खुंटीवर नावाबरोबर एक चित्र लावावे, म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलालाही आपली जागा सापडते. लघवीला जायचे आहे हे प्रत्येक मूल घरी कोणत्या शब्दाने सांगते, ते पालकांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. ओल्या चड्डीत संकोचून बसलेल्या मुलाला त्या दिवशी दुसरे काहीही शिकवता येत नाही. रडणाऱ्या मुलाला ‘रडू नको’ असे सांगण्यापेक्षा त्याच्या हाती खडूंचा डबा वाटायला देणे बहुधा लवकर लागू पडते. आईने मात्र खिडकीत थांबू नये, आणि गुपचूप निसटूनही जाऊ नये. कधी न्यायला येणार हे मुलाला सांगून तिने निघावे.

एका बैठकीचा उपक्रम दहा-पंधरा मिनिटांहून लांबवू नये, आणि बसून करायच्या कामानंतर हालचालीचे काम ठेवावे. पेन्सिलीआधी बोटे तयार व्हावी लागतात: मणी ओवणे, माती मळणे, कागद फाडून चिकटवणे, धूळपाटीवर बोटाने रेघा ओढणे. त्यानंतर अक्षरे घेताना वर्णमालेच्या क्रमाचा आग्रह सोडून ग, म, भ, न अशा वळणाने जवळच्या अक्षरांपासून सुरुवात करण्याची आपल्याकडची जुनी रीत उपयोगी पडते, कारण थोड्याच अक्षरांत ‘मन’, ‘नग’ असे शब्द तयार होतात. साहित्यावर खर्च करण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत जे काम उभे केले, त्यात माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने असे परिसरातले साहित्य वापरले गेले, आणि मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली.

वरच्या वर्गातून आलेल्या शिक्षकाची सर्वांत जास्त फसगत गणितात होते, कारण शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल त्याला तयार वाटते. अशा मुलासमोर सात चिंचोके एका ओळीत मांडून ते मोजायला सांगावे. तोंड बरोबर चालते. बोट मात्र शब्दांच्या पुढे धावते, किंवा एकाच चिंचोक्यावर दोनदा टेकते. मोजून झाल्यावर ‘किती आहेत?’ असे विचारले, तर ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते, म्हणजे शेवटी उच्चारलेली संख्या हीच एकूण संख्या असते हे त्याला अद्याप उमगलेले नसते. मग तेच चिंचोके विरळ पसरून ‘आता जास्त झाले का?’ असे विचारावे. ‘हो’ हे उत्तर आले तर चूक म्हणून खोडू नये. त्या मुलाबरोबर आणखी काही आठवडे वस्तू मोजण्याचे, जोड्या लावण्याचे आणि वाटण्याचेच खेळ खेळायचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मराठी संख्यानामे या कामात स्वतःची भर घालतात. ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक, म्हणून ऐकल्याबरहुकूम लिहिणारे मूल १२ लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात २९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी रूपे दिली तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात कोणाची बाजू पटो, वर्गात ‘वीस आणि एक, एकवीस’ अशी दोन्ही रूपे लागोपाठ उच्चारायला कोणाची हरकत नसावी.

जेथे घरची भाषा कोरकू, गोंडी किंवा पावरी आहे, तेथे मुलाचे मौन म्हणजे मंदपणा असे कधीही धरू नये. ये, बस, भूक, पाणी, दुखते अशा रोजच्या शब्दांची यादी गावातल्याच कोणाकडून करून घेऊन ती शिक्षकाने आधी पाठ करावी, आणि गोष्ट सांगताना पात्रांची नावे मुलांच्या भाषेत घ्यावीत.

ऑगस्टच्या सुमारास पालक ‘अजून वहीत काहीच कसे नाही?’ असे विचारू लागतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. त्यासाठी जूनपासून प्रत्येक मुलाची वेगळी फाइल ठेवून त्यात महिन्याला एक चित्र तारखेसह जपावे आणि मागे दोन ओळींची नोंद करावी, जसे ‘आज स्वतःहून गोष्टीचा शेवट सांगितला’ किंवा ‘बटण स्वतः लावले’. पालकसभेत भाषणाऐवजी जूनची गिरगोट आणि ऑगस्टमधले हातपाय असलेले माणसाचे चित्र शेजारी शेजारी ठेवावे, चिंचोक्यांचा खेळ पालकांसमोर मुलाकडूनच करवून घ्यावा, आणि घरी भाकऱ्या मोजायला, भाजी निवडायला त्याला सोबत घ्यावे, असे सांगावे.