हर्णैच्या बंदरावर फोटो धारदार कसा येईल?

फोटो हलला म्हणून लगेच सेटिंग बदलायला धावू नका. आधी तो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? हात हलला. होड्या स्वच्छ, पण टोपली उचलणारी मावशीच हालचालीच्या दिशेने ओढलेली? शटर मंद पडलं, म्हणजे ते जास्त वेळ उघडं राहिलं. मावशी ओढलेली नाही, नुसतीच पुसट आणि तिच्यामागची होडी धारदार असेल तर फोकस चुकला. फोकसचा एकच बिंदू निवडून तो चेहऱ्यावर ठेवा. सगळीकडे दुधाळ झाक असेल, तर दोष काचेचा.

किनाऱ्यावर हाच दोष फार छळतो. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की दमट हवेत गार काचेवर वाफ धरते. पुसली तरी पुन्हा धरते. म्हणून खोलीतच कॅमेरा पिशवीत घालून चेन लावा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास ती उघडू नका. खारे तुषार उडाले तर कोरड्या फडक्याने अजिबात घासायचं नाही, मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअरने हवा मारा, मग लेन्सच्या द्रावणाने किंचित ओलसर केलेलं मऊ फडकं फिरवा.

हातात कॅमेरा असताना शटरच्या वेळेतला खालचा आकडा लेन्सच्या फोकल लेंग्थइतका (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) तरी हवा. २०० मिमी लेन्स दीडपट क्रॉपच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर असेल तर ३०० धरा, म्हणजे १/३२० सेकंद. स्टॅबिलायझर हाताचा कंप सावरतो, चालणारी माणसं थांबवत नाही. मासळीच्या लिलावातल्या गर्दीला १/२५०, उडत्या सीगलला १/२०००. होडीतून काढताना १/१००० ठेवा आणि कोपर काठावर टेकू नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. संध्याकाळच्या लिलावाला उजेड झरझर उतरतो, तेव्हा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) उघडा आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० वर न्यायला कचरू नका. रवाळ फोटो चालतो, हललेल्याचं काहीच करता येत नाही.

ओल्या वाळूत ट्रायपॉड फसवतो. लाट परतताना पायांखालची वाळू ओढून नेते आणि शटर उघडं असतानाच ट्रायपॉड खचतो. पाय आधीच वीतभर खाली दाबा, मधला दांडा वर काढू नका, स्टॅबिलायझर बंद करा, २ सेकंदांचा टायमर लावा.

किनाऱ्यावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला मात्र भर दुपारी टिपू नका. तापलेल्या हवेत तटाच्या कडा लहरतात, तिथे ट्रायपॉडही हात टेकतो. सकाळी जा, ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि तटावर समोरून पडतं.