नवाहो वालुकाश्म कसा वाचावा

अमेरिकेतील यूटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात उभे राहिलेले उंच कडे हे जुरासिक काळाच्या पूर्वार्धातील वाळवंटाचे अवशेष असून, तेथील नवाहो वालुकाश्माची जाडी काही ठिकाणी 600 मीटरहून अधिक आहे.

प्रथम थोडे दूर उभे राहून तिरप्या थरांचे गट पाहावेत. सह्याद्रीतील आडव्या बेसाल्टी थरांची सवय असलेल्या डोळ्याला हे थर भूहालचालींनी कलले असावेत असे वाटते, पण तसे नाही. वाऱ्याने वाळूचे कण वालुकागिरीच्या माथ्यावर नेले आणि ते पलीकडच्या आडोशाच्या उतारावर घसरत साचले, म्हणून थर तिरपेच तयार झाले. कोरडी वाळू साधारण 34 अंशांपेक्षा तीव्र उतारावर टिकत नाही. थर ज्या दिशेला खाली झुकतात, त्याच दिशेला वारा वाहत होता, हे होकायंत्राने ठरवता येते. चेकरबोर्ड मेसा या उद्यानातील टेकडीवर मात्र उभ्या भेगांना थर समजू नये. त्या नंतरच्या विदारणाने पडल्या आहेत.

मग भिंगातून कण तपासावेत: ते बहुतांशी क्वार्ट्‌झचे, गोलसर आणि जवळपास सारख्या आकाराचे दिसतात. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. भूजलाने लोह वाहून नेले, तेथे खडक पांढुरका झाला.

शेवटी पायथ्याशी पाझर शोधावेत. सच्छिद्र वालुकाश्मातून झिरपणारे पाणी खालच्या कायेंटा शैलसमूहाच्या कमी पार्य (पाणी सहज झिरपू न देणाऱ्या) थरांवर अडते आणि वीपिंग रॉकसारख्या ठिकाणी बाहेर पडते. उद्यानातून खडकाचा तुकडा उचलण्यास मनाई आहे.