डोक्याला मार लागल्यानंतर योग सुरू करताय? या चुका टाळा

मेंदूच्या दुखापतीतून सावरणाऱ्यांना शिकवताना मी सगळ्यात जास्त घोटाळा होताना पाहिला तो उत्साहामुळे. एखाद्या सकाळी डोकं हलकं वाटतं, हुरूप येतो आणि माणूस अपघाताआधीसारखी तासभर आसनं करतो. करताना काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र डोकं ठणकतं, साधे शब्द आठवत नाहीत, घरातल्यांचं बोलणंही सहन होत नाही. मग ‘योगाने त्रास वाढला’ म्हणून सगळंच बंद. आठवड्याने बरं वाटलं की पुन्हा तासभर.

पाय थकले की लगेच कळतं, मेंदू थकल्याचं उशिरा कळतं. म्हणून किती झेपलं हे चटईवर ठरवू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरवा. सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि बऱ्या दिवशीही दहावरच थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड जातं, पण तेच सगळ्यात उपयोगी पडतं. आठवडाभर दुसरा दिवस नीट गेला, तर दोन-तीन मिनिटं वाढवा. खेळताना होणाऱ्या कन्कशनसाठी (डोक्याला धक्का बसून मेंदूला होणारी सौम्य दुखापत) 2022 च्या आम्स्टरडॅम परिषदेत तज्ज्ञांनी सोपं माप दिलं: शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर त्रास दोन अंकांपर्यंतच वाढला आणि तासाच्या आत उतरला, तर व्यायाम चालू ठेवायला हरकत नाही. दुखापत मोठी असेल तर मर्यादा तुमच्या डॉक्टरांनीच घालून द्यायला हवी. उलट टोकही टाळा. कन्कशननंतर पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवी, पण आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्याने बरं वाटत नाही.

श्वासाशी जबरदस्ती

कपालभाती आणि भस्त्रिका सध्या बाजूला ठेवा. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढताना फिट येण्याची प्रवृत्ती दिसावी म्हणून रुग्णाला मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावतात. तिथे शेजारी तंत्रज्ञ असतो, घरी तुम्ही एकटे असता. मेंदूच्या दुखापतीनंतर फिट येण्याचा धोका आधीच वाढलेला असतो.

कुंभकही नको. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडथळा होतो आणि कवटीतला दाब चढतो. कुंभक न करणारेही आसन टिकवताना नकळत श्वास रोखतात. यावर माझा उपाय साधा आहे: आसनात असताना मोठ्याने आकडे मोजा. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. बाकी नाकाने सावकाश श्वास, सोडताना थोडा लांब, एवढा प्राणायाम सुरुवातीला भरपूर झाला. भ्रामरी चांगली आहे, पण आवाज सहन होत नसेल तर तीही थांबवा.

डोकं खाली नेणं

शीर्षासन, सर्वांगासन नको हे बहुतेकांना माहीत असतं. पादहस्तासन आणि अधोमुख श्वानासनातही डोकं हृदयाच्या खालीच जातं, हे लक्षात येत नाही. त्याऐवजी भिंतीवर खांद्याच्या उंचीला हात टेकून कमरेतून थोडं मागे सरका, पाठ तशीच ताणली जाते. शंट (मेंदूभोवती साचणारं पाणी काढून देणारी नळी) बसवलेला असेल किंवा कवटीचं हाड काढून ठेवलेलं असेल, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. मानेचे गोल-गोल फेरेही नकोत. डोक्याला मार बसताना मानेलाही हिसका बसलेला असतो.

चक्कर आली तरी रेटणं

चक्कर कधी येते ते बघा. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब घसरत असू शकतो: शवासनातून कुशीवर, मग बसून, मग उभं, असं टप्प्याटप्प्याने उठा आणि डॉक्टरांना सांगा. कूस बदलली की काही सेकंद खोली गरगरत असेल, तर आतल्या कानातले कण जागचे हलले असण्याची शक्यता असते. डोक्याला मार लागल्यावर हे बरेचदा होतं. त्यावर आसन हा उपाय नाही. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणतात. तोलाची आसनं भिंतीला लागून, डोळे उघडे ठेवून.

‘डोळे मिटा, विचार थांबवा’

डोळे मिटल्यावर कुणाला भोवळ येते, कुणासमोर अपघात उभा राहतो. समोरच्या एका वस्तूवर नजर ठेवून बसलं तरी ते ध्यानच आहे. शिवाय इथे लक्ष देण्याची ताकदच दुखावलेली असते. मन तीन मिनिटांत वीस वेळा भरकटलं तर वीस वेळा परत आणलंत, सराव तोच. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या सजगतेच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात रोज साधारण पाऊण तास सराव करायला सांगतात. तो प्रामुख्याने जुनाट दुखणी असलेल्यांसाठी आखला होता. त्याची वेळ जशीच्या तशी स्वतःवर लादू नका.

शिकवणाऱ्यांनी आणि घरच्यांनी एका वेळी एकच सूचना द्यावी, तीही छोटी. क्रम मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावा. लुळा पडलेला हात ‘जरा वर’ म्हणून ओढू नका, खांदा निखळू शकतो.

डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, फिट आली, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी वाटली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला, तर चटई तशीच सोडा आणि लगेच रुग्णालय गाठा.