सर्व्हर ऑफिसात की क्लाउडवर? आधी लाइटबिल काढा

बरेच जण फक्त मशीनची किंमत आणि क्लाउडचं (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं) महिन्याचं बिल समोरासमोर ठेवतात, आणि तिथेच गणित चुकतं. ३०० वॅट खाणारा सर्व्हर २४ तास चालला की दिवसाला ७.२ युनिट, म्हणजे महिन्याला २१६ युनिट गेले, त्यात मुंबईच्या दमट हवेत त्या खोलीचा एसी रात्री पण चालू ठेवावा लागतो तो वेगळाच, तर हे सगळं आपल्या कमर्शियल मीटरच्या दराने गुणून बघा. यूपीएसच्या बॅटऱ्या, एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार), बॅकअपची डिस्क पण धरा. ५ वर्षांचा एकूण खर्च काढून ६० महिन्यांनी भागा, मगच क्लाउडशी तुलना करा. गाळा ग्राउंड फ्लोअरला असेल तर सर्व्हर जमिनीवर ठेवूच नका प्लीज, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला होता.

क्लाउडवर मात्र मशीन गरजेपुरतीच चालू ठेवा. रोज १० तास, महिन्याचे २६ दिवस म्हणजे २६० तास, आणि महिनाभर चालू राहिली तर ७२०, केवढा फरक! बंद मशीनचं भाडं थांबतं पण डिस्कचं चालूच राहतं, आणि डेटा बाहेर डाउनलोड करायचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात, ते कोटेशनमध्ये आधीच विचारून घ्या.